सिंहगडावरून कोसळलेला कादंबरीकार : नाथमाधव

आपल्या वार्षिकात दरवर्षी थोरामोठ्यांची चरित्रे येतात. कुणी टिळकांवर लिहितो, कुणी सावित्रीबाईंवर, कुणी गाडगेबाबांवर. ही सारी माणसे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला आधीपासूनच ठाऊक असतात. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे, त्यांचे नाव दोन वर्षांपूर्वी मला मुळीच ठाऊक नव्हते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. घरात पंचांग, देवीची आरती आणि शाळेची क्रमिक पुस्तके सोडली तर चौथे पुस्तक नव्हते. तेव्हा नाथमाधव हे नाव माझ्या कानावर पडावे तरी कुठून? ते पडले एका खेळामुळे, आणि मनात राहिले माझ्या बाबांमुळे. दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय हे चरित्र मला सांगताच येणार नाही. वाचकांनी क्षमा करावी.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला आम्ही गेलो होतो. दिवसभर श्रमदान झाले की रात्री करमणुकीचे कार्यक्रम असत. आमच्या गटातल्या बोईसरच्या एका मुलाने एक नवाच खेळ आणला होता. त्याला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच साहित्य. एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो : अमावास्येची रात्र आहे, समोर पडका वाडा आहे, आत दिवा हलतो आहे. बाकीचे प्रत्येकजण एकेक पात्र होतात आणि आपण काय करणार ते सांगतात. ते साधले की फसले, हे फासा ठरवतो. म्हटले तर खेळ, म्हटले तर सगळ्यांनी मिळून रचलेली गोष्ट! अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने असा खेळ छापून प्रसिद्ध केला. पुढे 1983 मध्ये त्यातच ‘रेव्हनलॉफ्ट’ नावाचे एक भयकथेच्या वळणाचे साहस निघाले. धुक्यात वेढलेला किल्ला, त्यात राहणारा रक्तपिपासू सरदार, आणि त्याच्या शोधात निघालेले चार-पाच साहसी लोक. आमच्या मित्राने तेच थोडे बदलून आम्हाला खेळवले. रात्री बारा वाजले तरी कुणी उठायला तयार नव्हते.

दुसऱ्या शिबिरात सूत्रधार होण्याची पाळी माझ्यावर आली. किल्ला कुठला घ्यावा, हा प्रश्नच नव्हता. मी शिरगावची. पालघरहून येताना समुद्राच्या अंगाला आमचा किल्ला लागतो. पोर्तुगीजांच्या अमलातला हा किल्ला 1739 च्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजांनी घेतला. त्याचे बुरूज अजून उभे आहेत. आत एक फांद्या फुटलेला ताड आहे. तो पाहायला लांबून लोक येतात. किल्ल्यातून माहीमपर्यंत भुयार जाते, असे लहानपणी आम्ही पोरे एकमेकांना शपथेवर सांगत असू. किल्ला तर मिळाला, पण गोष्ट सुचेना. रक्तपिपासू सरदार शिरगावच्या किल्ल्यात आणून बसवला की तो काही केल्या आपला वाटेना. शेवटी मराठीच्या सरांना विचारले. ते हसले आणि ग्रंथालयातल्या जुन्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले की भुयारे आणि किल्ले हवे असतील तर परदेशात कशाला जायचे, नाथमाधवांचा ‘वीरधवल’ वाच. कपाटातून पुस्तक निघाले. पाने पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या. त्या पुस्तकाच्या निमित्ताने मी त्याच्या लेखकाची माहिती शोधू लागले, आणि पहिल्याच पानाला थबकले.

नाथमाधव हे टोपणनाव. त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधव पितळे. 3 एप्रिल 1882 रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या तोफांच्या कारखान्यात नोकरी केली. म्हणजे पुढे ज्यांच्या कादंबऱ्यांतून तलवारी खणखणल्या, त्यांची उमेदवारी लोखंडाच्या आवाजातच झाली म्हणायची! धट्टाकट्टा, हौशी तरुण. शिकारीचा नाद होता. 1905 च्या सुमारास शिकारीसाठी ते सिंहगडावर गेले. वय अवघे तेविशीच्या आसपास.

सिंहगड म्हणजे पूर्वीचा कोंढाणा. 1670 मध्ये तानाजी मालुसरे आपल्या मावळ्यांसह याच गडाचा कडा रात्री चढून गेले आणि गड घेताना धारातीर्थी पडले. हे आपण प्राथमिक शाळेपासून शिकत आलो आहोत. हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी तेव्हा वाचकांपुढे नुकतीच येऊन गेली होती. ज्या कड्यांची कीर्ती महाराष्ट्राने गायिली, त्याच गडाच्या कड्यावरून हा तरुण खाली कोसळला. प्राण वाचले, पण कमरेखालचे सारे शरीर लुळे पडले. ते कायमचेच.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. कारण आमच्या घरात बाबा नेमके तसेच पडून होते.

माझे बाबा वाड्यांमधून नारळ उतरवण्याचे काम करीत. शिरगाव, केळवे, माहीम या पट्ट्यात वाड्याच वाड्या. बाबांच्या हाताखाली किती माड आले असतील याची गणती नाही. दोराचा फास पायात अडकवला की खारीसारखे वर जात. दोन पावसाळ्यांपूर्वी एका माडाचे वाळके झाप काढताना त्यांचा हात सुटला. तेव्हापासून ते ओसरीवरच्या खाटेवर आहेत. आई वाडीच्या कामाला जाते आणि आल्यावर त्यांना उचलून बसवते. बाबा पूर्वी फार बोलके. आता कुणी भेटायला आले की तोंड भिंतीकडे करतात. माणसाने आपल्याला असे पडलेले पाहू नये, असे त्यांना वाटते. मी महाविद्यालयातून आले की त्यांना दिवसभराचे सांगायची, पण ते ऐकत आहेत की नाहीत ते कळत नसे.

म्हणून नाथमाधवांचे पुढे काय झाले, हा प्रश्न माझ्यासाठी केवळ वाङ्मयाच्या अभ्यासाचा राहिला नाही.

त्या काळाचा थोडा विचार करावा. अशा आजाऱ्याचा मोठा वैरी म्हणजे एका अंगावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा आणि त्या चिघळून अंगात भिनणारे विष. आज त्यावर औषधे आहेत. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लागला तो 1928 च्या सप्टेंबरात. नाथमाधव त्याच वर्षीच्या 21 जूनला वारले. म्हणजे जवळजवळ तेवीस वर्षे त्यांनी हे दुखणे त्या औषधांवाचून काढले. अशा माणसाने कपाळाला हात लावून बसावे आणि जगाने त्याची कीव करावी, हेच कोणीही गृहीत धरले असते.

नाथमाधवांनी वाचायला घेतले आणि वाचता वाचता लिहायला घेतले. 1908 साली ‘प्रेमवेडा’ ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. पडल्याला तीनच वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी ‘सावळ्या तांडेल’ आली. आमच्या किनाऱ्यावर होडीच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. तांडेलाचे नाव कादंबरीला असू शकते, हे मला तोवर माहीतच नव्हते. मग 1913 साली ‘वीरधवल’. त्यानंतर ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’, आणि 1918 ते 1920 या काळात तीन भागांची ‘डॉक्टर’ ही सामाजिक कादंबरी. शेवटच्या सात-आठ वर्षांत त्यांनी शिवकालावर ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’ अशी कादंबऱ्यांची मालिकाच लिहिली. पहिल्या पुस्तकापासून मृत्यूपर्यंत वर्षे मोजली तर वीस भरतात. एवढ्या काळात अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने एवढी पाने लिहिली की ती वाचायलाच आपल्यासारख्याला दोन सुट्या लागतील.

‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी. राजवाडे, भुयारे, कारस्थाने, वेषांतरे, संकटात सापडलेली सुंदरी आणि तिच्यासाठी जीव धोक्यात घालणारा वीर. एक दार उघडावे तो पुढे दुसरे बंद दार. या प्रकारचा इतिहासही मोठा मौजेचा आहे. इंग्लंडात होरेस वॉलपोल याने 1764 मध्ये ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ लिहिली आणि पडक्या किल्ल्यातल्या भयकथांची लाट आली. पुढे रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज कादंबरीकाराची रहस्यमय पुस्तके हिंदुस्थानात घरोघर गेली. त्याच्या देशात तो लवकर विसरला गेला, पण आपल्याकडे त्याचे वाचक पुष्कळ वर्षे टिकले. मराठीत तर या वाटेवर आधीच पावले उमटली होती. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. हिंदीत देवकीनंदन खत्रींनी ‘चंद्रकांता’ लिहून तिलिस्मी कथांचे वेड लावले. पुढे आपल्याकडे नारायण धारपांनी भयकथेची परंपरा चालवली. ‘वीरधवल’ ही या लांबलचक साखळीतली एक कडी आहे. आमचा शिबिरातला खेळसुद्धा त्याच साखळीची अगदी अलीकडची कडी आहे, हे मला कपाटापुढे उभी असताना कळले.

अशा कादंबऱ्यांना विद्वान लोक फारसे मानत नाहीत. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो’ लिहून मराठी कादंबरीला घराच्या माजघरात आणली, विधवांचे अश्रू दाखवले. त्यानंतरही राजवाडे आणि भुयारे लिहीत बसणे म्हणजे मागे जाणे होय, असे परीक्षेच्या पुस्तकांतून आम्हाला शिकवले जाते. अद्भुत कथा म्हणजे पळवाट, असेही एक वाक्य आम्ही उत्तरपत्रिकेत लिहितो. मीही लिहिले आहे, आणि त्याला गुणही मिळाले आहेत. पण नाथमाधवांचे चरित्र वाचल्यावर ते वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो. ज्याला उठून दारापर्यंत जाता येत नाही, त्याने मनाने गड चढावा याला पळवाट म्हणायचे का? शिवाय नाथमाधवांना गडाची भूल कमी आणि भीती जास्त वाटायला हवी होती. गडाने त्यांचे पाय नेले होते. तरी त्यांनी गडाशी अबोला धरला नाही. ज्या सह्याद्रीने त्यांना फेकून दिले त्याच सह्याद्रीतल्या शिवाजी महाराजांच्या राज्याची कथा ते शेवटपर्यंत लिहीत राहिले. मला हे त्यांच्या सर्व पुस्तकांहून मोठे वाटते.

‘वीरधवल’ मी घरी आणला तो माझ्या खेळासाठी. संध्याकाळी ओसरीवर बसून मोठ्याने वाचायची मला सवय आहे. पहिले दोन दिवस बाबांचे तोंड भिंतीकडेच होते. तिसऱ्या दिवशी मी कंटाळून मधेच थांबले, तर पुढे काय झाले म्हणून त्यांनी विचारले. त्यानंतर रोज एकेक प्रकरण होऊ लागले. आईसुद्धा भाकऱ्या थापता थापता कान देऊ लागली. पण हे लिहिणारा माणूस कोण, हे मी बाबांना सांगितले नव्हते. सांगण्याचा धीर होत नव्हता. आपल्याला उपदेश केला जातो आहे, असे त्यांना वाटले असते. आमच्याकडे भेटायला येणारे सगळे तेच करीत : धीर सोडू नका, अमक्याला बघा, तमक्याला बघा. बाबांना त्याचा संताप येई.

पुस्तक संपत आल्यावर एका रात्री मी सांगून टाकले. सिंहगड, शिकार, कडा, कमरेखालचा भाग. बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटले, चुकले. मग त्यांनी मला विचारले की त्या माणसाला कुशीवर कोण वळवीत होते? शाई-कागद हाताशी कोण देत होते? माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तारखा पाठ केल्या होत्या, पुस्तकांची नावे पाठ केली होती; पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. तो सुचायला खाटेवर पडावे लागते. बाबा चुलीकडे पाहत होते. आई तिथे पाठमोरी बसली होती. कादंबरीच्या मुखपृष्ठावर एकच नाव असते, पण तेवीस वर्षे अंथरुणावर काढणाऱ्याच्या मागे कुणाचे तरी हात असतात. चरित्र लिहिणाऱ्यांनी त्या हातांनाही एक ओळ द्यावी, असे मला तेव्हापासून वाटते. म्हणून ती ओळ मी इथे लिहिली आहे.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आपणहून माझ्या खेळाचे विचारले. मी किल्ल्याचा नकाशा काढला होता. त्यांनी तो हातात घेतला आणि चुका काढायला सुरुवात केली. मी किल्ला नेहमी खालून पाहिला होता. बाबांनी तो आजूबाजूच्या माडांच्या शेंड्यांवरून पाहिला होता, एकदा नव्हे, शेकडो वेळा. वरून तट कसा दिसतो, भरती आली की पाण्याची रेघ कुठवर येते, संध्याकाळी बुरुजाची सावली कुठल्या अंगाला पडते, सातपाटीच्या होड्या परतताना कशा रांगेने दिसतात, वारा फिरला की आधी कुठले झाप हलते, हे सगळे ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. दोन वर्षांत ते एवढे बोलले नव्हते. भुयाराचे तोंड कुठे ठेवावे, हेही त्यांनीच ठरवले. रक्तपिपासू सरदार त्यांनी काढून टाकला. त्याच्या जागी त्यांनी एक जुना पहारेकरी ठेवला. किल्ला पडला तरी त्याला कुणी पहारा बदलायला आलेच नाही, म्हणून तो अजून बुरुजावर उभा आहे. वाईट नाही, पण जागा सोडत नाही. मला ते ऐकून अंगावर काटा आला. किल्ला एकदम शिरगावचा झाला.

शिबिरात तो खेळ रंगला. पाचजण खेळत होते. मध्यरात्रीच्या सुमारास एका मुलाच्या पात्राने बुरुजावर चढायचे ठरवले आणि त्याचा फासा वाईट पडला. तो खाली कोसळला. बाकीचे म्हणाले, संपला, आता त्याने झोपायला जावे. खेळात असे होते, कुणाला त्याचे काही वाटत नाही. पण सूत्रधार मी होते. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे सिंहगड आणि आमची ओसरी एकदमच उभी राहिली. मी निर्णय दिला की तो मेला नाही. त्याला चालता येणार नाही, पण त्याने बुरुजावरून चारी दिशा पाहिल्या आहेत. बाकीचे चौघे भुयारात शिरतील तेव्हा वाट तोच सांगेल. त्या मुलाने आधी तोंड वाकडे केले. पण पहाटेपर्यंत सगळ्यांत जास्त तोच बोलत होता, आणि पहारेकऱ्याची सुटका त्याच्याच सांगण्यावरून झाली.

घरी येऊन हे बाबांना सांगितले. ते काही बोलले नाहीत, फक्त पहारेकरी कसा सुटला ते दोनदा सांगायला लावले. ते बरे झाले, असे मी खोटे लिहिणार नाही. डॉक्टरांनी जे सांगितले आहे ते तसेच आहे. पैशाची ओढाताण तशीच आहे. आई अजून एकटीच त्यांना उचलते, मी असले तर मी. पण आता कुणी आले की ते भिंतीकडे वळत नाहीत. शेजारची पोरे संध्याकाळी ओसरीवर जमतात आणि बाबा त्यांना किल्ल्याच्या गोष्टी सांगतात. रोज नवी भुयारे निघतात. सध्या आम्ही ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ वाचतो आहोत.

नाथमाधव अवघे सेहेचाळीस वर्षे जगले. त्यांचा जन्मदिन 3 एप्रिलला येतो. तेव्हा आपण सारे परीक्षेच्या धामधुमीत असतो, आणि 21 जूनला महाविद्यालय नुकतेच उघडत असते, म्हणून दोन्ही दिवस न बोलता निघून जातात. ग्रंथालयातले ते जुने कपाट मात्र वर्षभर उघडे असते. माझ्या बंधुभगिनींनी एकदा तिकडे जावे. ‘वीरधवल’च्या मागच्या पानावरच्या तारखा पाहिल्या तर माझ्याआधी ते पुस्तक कित्येक वर्षे कुणी नेलेले नव्हते. आता त्यावर माझ्या नावापुढे एक तारीख पडली आहे. तिच्याखाली आणखी कुणाची तरी पडावी, एवढीच इच्छा व्यक्त करून त्या थोर कादंबरीकाराला, आणि त्याला कुशीवर वळवणाऱ्या त्या हातांनाही, माझे विनम्र अभिवादन.

— द्वितीय वर्ष, कला